विषय: कॉलेजचे निकाल आणि 'अन्याय'

मंडळी, नमस्कार.
लेकीला पहिल्या पसंतीच्या कॉलेजचा नकार आला. एसएटी प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १५६०, कॅल्क्युलस-फिजिक्स सगळ्या एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) झालेल्या, रोबोटिक्सची कॅप्टन. तिच्याच वर्गातला, तिच्याहून कमी जीपीएचा (शाळेतल्या गुणांच्या सरासरीचा) मुलगा मात्र घेतला. २०२३ मध्ये इथे अमेरिकेत सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंश बघणं बंद केलं, तेव्हा आपल्या या मेलिंग लिस्टवर अभिनंदनाच्या मेलांचा पाऊस पडला होता. मग फरक काय पडला? आपल्याकडे भारतात निदान मेरिट लिस्ट तरी लागायची.
– सु. ग.

---

दादा,
लेकीला वाईट वाटणारच, तिला चार दिवस काही बोलू नका. (नातेवाइकांचे फोनही तुम्हीच घ्या.)

फरक पडला, पण आपण समजत होतो तसा नाही. कोर्टाच्या निकालानंतरच्या पहिल्याच बॅचला एमआयटीत आशियाई मुलं ४० टक्क्यांवरून ४७ वर गेली, येलमध्ये मात्र ३० वरून २४ वर आली. त्या वर्गातल्या मुलाचा एसे, शिफारसपत्रं आपण कुठे वाचलीत? जीपीए तेवढा कानावर येतो, म्हणून तोच धरून बसतो.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या खटल्याचा हा निकाल, त्या हार्वर्डच्या खटल्यात त्यांची आतली पद्धत बाहेर आली. अभ्यास, ऍक्टिव्हिटी, खेळ आणि 'पर्सनल' असे वेगवेगळे शेरे. 'पर्सनल'मध्ये आशियाई मुलांना प्रवेशाच्या ऑफिसातून सरासरीने कमी मिळायचे. पण ज्या माजी विद्यार्थ्यांनी या मुलांना समोर बसवून मुलाखती घेतल्या, त्यांच्या शेऱ्यांत तशी तफावत नव्हती! खालच्या कोर्टाने हा जाणूनबुजून केलेला भेदभाव मानला नाही, तरी मला ते अजून पटलेलं नाही. आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेश मिळायचं प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास, एकूण अर्जदारांचं जेमतेम ६. ती लेगसी, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, कोर्टाने बंद केली नाही, मुळात खटला तिच्यावर नव्हताच.

मेरिट लिस्टचं म्हणाल, तर तिकडे मॅनेजमेंट कोटाही होताच की. पण त्याला मॅनेजमेंट कोटाच म्हणायचे. पॉइंट झिरो-काहीने सीट गेली तरी कटऑफ भिंतीवर दिसायचा, माणूस शिव्या घालून पुढच्या राउंडला लागायचा. इथे आपण नेमके कशात कमी पडलो तेच कळत नाही, मग ज्याच्या त्याच्या डोक्यात एकेक संशयित.
– मे. दे.

---

ताई, पटलं. आता माझी अडचण ऐका. चिरंजीव यंदा अर्ज करतोय. बायको जिथे शिकली ते कॉलेज लेगसी बघतं, आणि फॉर्मवर आईवडील कुठे शिकले हा रकाना आहे. भरू की नको? वीस वर्षांपूर्वी आपण बाहेरचे होतो हो, आता आपणच आतले झालोय.
– नि. प.

---

निखळ प्रश्न आहे, म्हणून सरळ सांगते: भरा. खोटं लिहू नका, रिकामंही सोडू नका. पोराने एकट्याने साधू व्हायचं आणि बाकीच्यांनी सीट घ्यायची, त्याने नियम बदलत नाही. नियम कायद्याने बदलतो. मेरीलँडने २०२४ मध्ये खासगी कॉलेजांनाही लेगसी बंद केली, कॅलिफोर्नियात सप्टेंबर २०२५ पासून बंद. आपल्या राज्याच्या सिनेटरला पाठवायचं पत्र मी लिहायला घेतलंय. पहिली सही तुमची हवी, रकाना भरून झाल्यावर.
– मे. दे.

---

दुसरी माझी. लेक विचारतेय, तिची चालेल का? मार्चमध्ये अठराची झाली.
– सु. ग.