मदत हवी आहे: विहिरी चढल्या त्या चरांमुळे की पावसामुळे?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव पुरंदरच्या पूर्व भागात, कऱ्हेच्या खोऱ्यात. दोन वर्षांपूर्वी डोंगराला सलग समतल चर (पावसाचं पाणी अडवून मुरवायला समान उंचीवर खोदलेले लांब खड्डे) खोदले, तेव्हापासून मी ११ विहिरींची पातळी टेपनं मोजतोय. महिन्यातून दोनदा, पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आत. यंदा मे ते ऑक्टोबर सरासरी ४ मीटर चढ मिळाला. गाव म्हणतं, ही चरांची कमाई. पण यंदा पाऊसही बरा झाला, त्यामुळे ग्रामसभेत छातीठोकपणे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

मी अडलोय ते हिशोबात. चढ गुणिले स्पेसिफिक यील्ड (भिजलेल्या खडकातून त्याच्या आकारमानाच्या किती टक्के पाणी निथळतं तो आकडा) म्हणजे मुरलेलं पाणी, इथवर कळलं. झिजलेल्या बेसॉल्टला हा आकडा १ ते ३ टक्के, सहसा २ धरतात. म्हणजे माझ्या ४ मीटरचे ४० मिमी होतात किंवा १२० मिमी! शिवाय वरच्या विहिरी मऊ, झिजलेल्या मुरमात आहेत, खालच्या थेट काळ्या पाषाणात, तिथं पाणी फक्त भेगांतून येतं. सगळ्यांना एकच आकडा लावणं मला पटत नाही.

म्हणून असं योजलंय: फेब्रुवारी ते एप्रिल पाऊस जवळपास नसतो, चर कोरडे असतात. या काळात मोटारींचे तास लिहायचे, २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते पाहायचं आणि उपसलेल्या पाण्याला क्षेत्र व पातळीतल्या घटीनं भागायचं, म्हणजे स्पेसिफिक यील्डचा आमचाच आकडा निघेल. पण कांद्याला दिलेल्या पाण्यातलं थोडं परत मुरतं, थोडं ओढ्यात पाझरतं. ते कसं वजा करायचं? कुणी आपल्या गावात केलंय का?

दुसरं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वॅगन व्हील गॅपला शेजारचे दोन ओढे आधी आठ वर्षं नुसते मोजले, मग १९१९ साली एकाच पाणलोटातली झाडं तोडून फरक पाहिला. आम्ही चरांआधी काहीच मोजलं नाही, ही चूक मला फार लागते. बिनचरांच्या शेजारच्या ओढ्यालगतच्या ३ विहिरी यंदा धरल्यात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची एक निरीक्षण विहीर जवळ आहे, तिची वर्षातून चारदा नोंद होते. त्या जुन्या नोंदींवरून आमची आधीची पातळी ताडता येईल का?

ओढ्यावर ९० अंशांची व्ही-नॉच (प्रवाह मोजायची, व्ही आकाराच्या खाचेची आडवी फळी) बसवायचाही विचार आहे. खाचेत पाण्याच्या १० सेंमी उंचीला सेकंदाला साधारण ४.४ लिटर, हे कळतं; पण पुरात ती गाळानं भरते म्हणतात. पाझर मोजण्यापुरती दिवाळीनंतर बसवली तर चालेल का?

फेब्रुवारीच्या आत ठरवायचंय. विहिरींचा तक्ता मागेल त्याला देतो.