मदत हवी आहे: स्वीकृती चाचणीच्या नावात नियमातले आकडे लिहावेत का?

नमस्कार. आमचा चार जणांचा गट पतसंस्थांसाठी मुदत ठेवींची प्रणाली तयार करतो. प्रणाली संस्थेच्या नियमांप्रमाणे चालते का हे तपासणाऱ्या आमच्या स्वीकृती चाचण्या जावा आणि क्युकंबर (साध्या वाक्यांत चाचण्या लिहिण्याचे साधन) यांत आहेत.

गेल्या महिन्यात रात्रीच्या बिल्डमध्ये (कोड आपोआप जोडून सगळ्या चाचण्या चालवण्याच्या फेरीत) ‘एफडी क्लोज ०७’ ही चाचणी फेल झाली. सकाळी संस्थेच्या व्यवस्थापकांनी अहवाल पाहून विचारले, "सात नंबर म्हणजे नेमका कोणता नियम?" कोड उघडून वाचल्याशिवाय मलाही उत्तर देता आले नाही. त्यानंतर आम्ही त्या चाचणीचे नाव ‘मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीवर, ती जितके दिवस राहिली त्या काळाच्या दरातून १ टक्का वजा करून व्याज मिळते’ असे ठेवले. ते वाचताच व्यवस्थापक म्हणाले, "ठेवीदार वारला असेल, तर वारसाकडून आम्ही ही कपात करत नाही. ते कुठे तपासता?" ते आम्ही कुठेच तपासत नव्हतो. नाव वाचता येण्याजोगे असावे, याबद्दल तेव्हापासून माझ्या मनात शंका उरलेली नाही.

अडचण पुढची आहे. संस्थेने कपात अर्ध्या टक्क्यावर आणली, तेव्हा आम्ही चाचणीतली अपेक्षित रक्कम बदलली, पण नाव तसेच राहिले; चाचणी पास होत होती आणि अहवाल मात्र जुनाच नियम सांगत होता. आता सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की नावात आकडाच नको, ‘ठरलेली कपात करून’ एवढेच लिहावे. मला ते पटत नाही, कारण व्यवस्थापकांना पडताळायचा असतो तो आकडाच.

मधला मार्ग म्हणून सिनॅरिओ आउटलाइन (एकच चाचणी वेगवेगळ्या मूल्यांनी चालवण्याचा क्युकंबरमधला साचा) वापरून पाहिले. तिथे नावातल्या <कपात> आणि <दिवस> या जागा उदाहरणांच्या तक्त्यातून भरल्या जातात आणि चाचणीही तीच मूल्ये वापरते, त्यामुळे दोन्हींत तफावत पडत नाही. मात्र मराठीत आकड्याबरोबर पुढचा शब्दही बदलतो. ‘<दिवस> दिवसांनी मोडलेली ठेव’ हे ९० ला शोभते, पण १ भरला की ‘१ दिवसांनी’ होते, आणि ‘<कपात> टक्के’ मध्ये ‘१ टक्के’ उमटते. ‘कपात टक्क्यांत: १’ असे तोडून लिहिले, तर व्याकरण सांभाळले जाते, पण वाक्य वाक्य राहत नाही.

मराठी नावांच्या चाचण्या प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी यावर काय केले? ‘१ टक्का’ असा संपूर्ण शब्दसमूहच तक्त्यात ठेवून, स्टेप डेफिनिशनमध्ये (चाचणीतले वाक्य प्रत्यक्ष चालवणाऱ्या कोडमध्ये) त्यातून आकडा काढून घेणे दीर्घकाळ निभावते का, की तिथे नव्या चुका शिरतात?