आई-बाबा मुंबईला निघालेत, फोनमध्ये काय टाकून देऊ?

(सोसायटीचा ग्रुप, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

सी-३०२: नमस्कार मंडळी. शुक्रवारी आई-बाबा डेक्कन क्वीनने मुंबईला चाललेत, आईच्या माहेरी गिरगावला. चार दिवस राहतील. सोबत कोणी नाही आणि बाबा म्हणतायत टॅक्सी नको, लोकल-बसने फिरू. फोनमध्ये कोणती ॲप टाकून देऊ?

ए-१०४: एम-इंडिकेटर. मुंबईत पहिलं तेच.

बी-५०१: गूगल मॅप्स असतंच की फोनमध्ये. वेगळं कशाला?

ए-१०४: दादा, मॅप्स रस्ता दाखवतं. पण लोकल कुठल्या प्लॅटफॉर्मला लागणार, प्लॅटफॉर्म डावीकडे येणार की उजवीकडे, हे एम-इंडिकेटरवर कळतं. सत्तरीतल्या माणसाला दाराशी सरकायला वेळ लागतो, गाडी थांबल्यावर कळून काय उपयोग? वेळापत्रक नेट नसलं तरी उघडतं. रविवारी बाहेर पडणार असतील तर मेगाब्लॉकही (दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात तो) त्यातच बघायला सांगा.

डी-२०३: ताई, मी सहा वर्षं कल्याण-परळ केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. लोकलच्या तिकिटासाठी रेलवन टाका, पण बाबांच्याच फोनमध्ये आणि त्यांच्याच नंबरवर. आपण इथून तिकीट काढून स्क्रीनशॉट पाठवला तर तो चालत नाही. मी नेमकं हेच केलं होतं. सासूबाईंना घाटकोपरला जायचं होतं, मी ऑफिसातून तिकीट काढून फोटो पाठवला. तपासनीस म्हणाले, ॲप उघडून दाखवा. त्यांच्या फोनमध्ये ॲपच नव्हतं! २५० रुपये दंड आणि वर भाडं. पैशांचं काही नाही हो, पण भरल्या डब्यात त्यांना मान खाली घालावी लागली. त्या दिवशी घरी येऊन जेवल्या नाहीत. चूक माझी होती.

डी-२०३: आणि तिकीट स्टेशनात शिरायच्या आधी काढायचं. रुळांजवळ गेलं की ॲप तिकीट देत नाही, मग तिथे लावलेला क्यूआर कोड शोधून स्कॅन करावा लागतो. फार आधी काढूनही चालत नाही, तासाभरात प्रवास सुरू व्हायला हवा.

सी-३०२: बरं झालं विचारलं. मी स्क्रीनशॉटच पाठवणार होते 🙏

ई-४०२: गिरगावसाठी लोकल कशाला? दादरला उतरा, पुलावरून पश्चिमेला या आणि मेट्रो ३ धरा. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. दादरपासून आठवं स्टेशन गिरगाव. तिकीट मेट्रोकनेक्ट३ वर निघतं. ते रस्त्यावर असतानाच काढा, भुयारात रेंजच्या भरवशावर राहू नका. बाहेर पडतानाही तिकिटावरचा तोच क्यूआर दाखवायचा असतो, आत शिरल्यावर ॲप बंद करून फोन पिशवीच्या तळाशी टाकू नये.

ई-४०२: अजून एक. बाबा जुने मुंबईकर ना? दादरचे नंबर डिसेंबर २०२३ मध्ये बदललेत. पूर्वी दोन्ही लाइनींना १, २, ३ असायचे आणि नवखा माणूस हमखास चुकायचा. आता पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४.

सी-३०२: काका, हे फार महत्त्वाचं सांगितलंत! बाबांना अजून जुनेच नंबर पाठ आहेत.

बी-५०१: बसचं काय?

ए-१०४: बेस्ट कुठवर आलीय ते चलो ॲपवर दिसतं. ताई, तुम्ही स्वतःच्या फोनमध्ये व्हेअर इज माय ट्रेन टाका, गाडी कुठे आहे ते इथे बसून कळेल. बाबांच्याही फोनमध्ये असू दे. डब्यात बसल्यावर ते मोबाइल टॉवरवरून ठिकाण ओळखतं, नेट लागत नाही. खंडाळ्याच्या बोगद्यांत रेंजच गेली तर थोडं अडकतं, खाली कर्जतला आलं की पुन्हा बरोबर. दादरचा अलार्म लावून द्या, झोप लागली तरी काळजी नाही.

सी-३०२: आज रात्रीच सगळं टाकते आणि बाबांकडून एकदा तिकीट काढून घेते.

डी-२०३: मेट्रोचंही त्यांच्याच हातून काढायला लावा. यूपीआयचा पिन आठवतोय ना तेही तेव्हाच कळेल. आणि पॉवरबँक द्या बरोबर. फोन बंद पडला तर तिकीट दाखवणार कसं?

सी-३०२: पॉवरबँक नाहीये घरात. कोणाची चार दिवस मिळेल का?

ए-१०४: माझी न्या. गुरुवारी रात्री नऊनंतर घरीच आहे, चार्ज करून ठेवतो.