एससीएन१ए: सोडियम चॅनेल कमी पडलं तर आकडी वाढते कशी?

मनूची आई

लेक १४ महिन्यांची आहे. पाचव्या महिन्यात लस दिली, त्या रात्री ताप चढला आणि उजवा हात-पाय २५ मिनिटं उडत राहिला. दोन महिन्यांनी गरम पाण्याने अंघोळ घालताना परत तेच, यावेळी डावी बाजू. मग आकडीवर कार्बामाझेपिन हे औषध सुरू झालं आणि आठवड्याला येणारी आकडी रोज यायला लागली. काल जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला: एससीएन१ए, पॅथोजेनिक (आजार घडवणारा बदल), डी नोव्हो (आईवडिलांत न सापडलेला). हे मेंदूतल्या सोडियम चॅनेलचं, म्हणजे पेशीत सोडियम आत सोडणाऱ्या दाराचं जनुक आहे, एवढं वाचलं. चेतापेशी सोडियममुळेच पेटते ना? मग चॅनेल कमी पडलं तर मेंदू शांत नको का व्हायला? आणि ती लस मीच हट्टाने वेळेवर दिली होती. घरात कुणी काही बोलत नाही, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही.

तन्मयचे बाबा

ताई, आधी लसीचं बोलतो, कारण आम्हीही त्यात दोन वर्षं जळलो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या सॅम बर्कोविक यांच्या गटाने, लसीने मेंदूला इजा झाली असं मानलं गेलेल्या १४ जणांची तपासणी केली. ११ जणांत याच जनुकात बदल निघाला. ताप निमित्त झाला. लस नसती तर पुढच्या सर्दीतल्या तापाने तेच झालं असतं. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

आता चॅनेल. मेंदूतल्या सगळ्याच पेशी बाकीच्यांना चेतवत नाहीत, काहींचं काम शेजारणींना गप्प बसवणं. एससीएन१ए ज्या चॅनेलची बनवायची कृती सांगतं, त्या एनएव्ही १.१ वर या गप्प बसवणाऱ्या पेशींचीच सगळ्यात जास्त भिस्त असते. त्यांना फार भराभर संदेश सोडावे लागतात. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली की त्या दमतात, आणि चेतवणाऱ्या पेशींना आवरायला कुणी उरत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत हे नेमकं दिसलं आहे.

कार्बामाझेपिन सोडियम चॅनेलच अडवतं. आधीच अर्ध्यावर आलेल्या पेशींवर आणखी ओझं. ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइनचीही तीच गोष्ट. पण कृपा करून स्वतःहून एकदम बंद करू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. आमच्या तन्मयचं औषध बदलून व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझामवर आलं, नंतर स्टिरिपेन्टॉल. आकड्या थांबल्या नाहीत, पण तन्मय आता चालतो, हट्ट करतो. तुमच्या वर्णनावरून ड्रॅव्हे सिंड्रोमबद्दल (बहुधा याच जनुकातल्या बदलामुळे बाळपणी सुरू होणारा आकडीचा आजार) नक्की विचारा.

गुणसूत्र_२

जनुकीय समुपदेशन करते, म्हणून दोन गोष्टी घालते. वरची औषधांची यादी शेजारच्या एससीएन२ए या सोडियम चॅनेलच्याच दुसऱ्या जनुकाला लावू नका. तेही एससीएन१ए सारखंच गुणसूत्र क्रमांक २ वर आहे, पण तिथे पहिल्या तीन महिन्यांत आकडी सुरू झालेल्या बाळांत चॅनेल बहुधा जास्त काम करत असतं, आणि त्यांना फेनिटॉइनसारखी औषधं लागू पडतात. नावं सारखी म्हणून औषध सारखं नव्हे.

दुसरं, डी नोव्हो म्हणजे हा बदल तुम्हा दोघांच्या तपासणीत सापडला नाही. पण कधी कधी आई किंवा वडिलांच्या काही थोड्या पेशींत तो असतो आणि रक्ताच्या तपासणीत निसटतो. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी समुपदेशकांशी बोला.

मनूची आई

फोन केला. उद्या सकाळी बोलावलंय, औषध हळूहळू बदलतील. काल रात्री पहिल्यांदा सलग चार तास झोपले. दादा, अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तर तिथल्या नव्या डॉक्टरांना हे सगळं कसं सांगता?

तन्मयचे बाबा

सांगत बसत नाही, कार्ड पुढे करतो. वर नाव आणि ताजं वजन. खाली ठळक: "एससीएन१ए. फेनिटॉइन देऊ नये." मग आकडी पाच मिनिटांपुढे गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलम या आकडी थांबवणाऱ्या औषधाचा डोस. एक प्रत औषधांच्या पिशवीत, एक पाळणाघरात. वजन दर महिन्याला खोडून नवं लिहा, डोस त्यावरच ठरतो.