गिटारवर रचलेली गाणी ऑर्केस्ट्रासाठी लिहायची आहेत. सुरुवात कुठून करू?

षड्ज_पंचम:
शब्द, चाल आणि गाणं, तिन्ही माझंच. आता पाच गाण्यांची सलग मालिका आवाज आणि छोट्या ऑर्केस्ट्रासाठी लिहायची आहे, साधारण २० मिनिटांची. वाद्यं : दोन फ्लूट, एक ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं. बहुतेक गाणी ई मेजरमध्ये आहेत. संगणकावर सॅम्पल (आधी ध्वनिमुद्रित केलेले वाद्यांचे स्वर) वापरून केलेला ट्रॅक भरदार वाटतो, पण जाणकार म्हणतात की प्रत्यक्षात हे असं वाजणार नाही. का? आणि अरेंजर (गाणं वाद्यांसाठी लिहून देणारा) नेमावा की स्वतः लिहावं? पुढे याच प्रकारचं काम मिळत राहावं अशी इच्छा आहे.

मोकळी_तार:
जाणकार बरोबर सांगतायत. सॅम्पलमध्ये तीन स्वरांचा कॉर्ड दाबला की प्रत्येक स्वरावर अख्खा ताफा वाजतो. प्रत्यक्षात सहा सेकंड व्हायोलिनना (व्हायोलिनांच्या दोन गटांतला दुसरा) तीन स्वर वाटून दिले तर एका स्वराला दोघंच उरतात, आणि दोघांचा सूर जुळणं सगळ्यात अवघड. एकटा वाजवेल, तिघं वाजवतील, दोघं मात्र टाळा. कॉर्ड वेगवेगळ्या विभागांत वाटा : फर्स्टला एक स्वर, सेकंडला एक, व्हिओलाला एक.

दुसरा घोटाळा फ्लूटचा. संगणकावर खालच्या सप्तकातला फ्लूट छान ऐकू येतो, कारण तुम्ही फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) वर केलेला असतो. सभागृहात मध्यम आवाजातली व्हायोलिनंही त्याला गिळून टाकतात. ओबोचं उलट : त्याचे सगळ्यात खालचे तीन-चार स्वर जाड आणि ठसठशीत येतात, तिथे अगदी हळू वाजवणं चांगल्या वादकालाही जड जातं. नाजूक कडव्याखाली ते स्वर देऊ नका.

पट्टीबद्दल. ई मेजर गिटारला सोयीची, पण बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतो, म्हणून त्याचा पार्ट (त्या वादकापुढचा कागद) एक स्वर वर लिहावा लागतो, म्हणजे एफ शार्प मेजर, सहा शार्प (चढ्या स्वरांच्या खुणा). दोन उपाय आहेत. ए क्लॅरिनेट मागा, मग तोच पार्ट जी मेजरमध्ये येतो, एकच शार्प. किंवा गाणं अर्धा स्वर उतरवून ई फ्लॅटमध्ये घ्या : बी फ्लॅट क्लॅरिनेटला एफ मेजर मिळेल, आणि तुम्ही पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून डीचे आकार वाजवा. यात व्हायोलिनच्या ए आणि ई या मोकळ्या तारांची चमक जाते. उजळ गाण्याला ते खटकेल, संथ गाण्याला उलट शोभेल.

आवाज दबतो तो बहुतेक वेळा ऑर्केस्ट्रा मोठ्याने वाजतो म्हणून नाही, तर तो गायकाच्याच सप्तकात बसतो म्हणून. पुरुषी आवाज असेल तर चेलोचा वरचा भाग आणि व्हिओला नेमके तिथेच असतात. कडव्यात चेलो-बेस खाली, व्हायोलिन वर आणि मधली जागा रिकामी, एवढं केलं तरी शब्द कळू लागतात. प्रतिधून (गाण्याला जोडीने चालणारी दुसरी धून) हवी असेल तर गायक श्वास घेतो किंवा लांब स्वर धरतो तेव्हाच आणा.

पानउलट:
वरच्या उत्तराला जोड. या क्षेत्रात नाव होतं किंवा जातं ते पार्टवरून. ऑर्केस्ट्रा अशा मालिकेला एक, फार तर दोन तालमी देतो. पार्टमधल्या चुका शोधण्यात तालमीची २० मिनिटं गेली तर तेवढं संगीत न वाजवता राहतं.

तंतुवाद्यं ८-६-४-४-२ (फर्स्ट व्हायोलिन, सेकंड व्हायोलिन, व्हिओला, चेलो, बेस) धरली तर एका स्टँडवर दोघं, म्हणजे ४+३+२+२+१ अशा १२ प्रती. फुंकवाद्यांच्या ७ वेगळ्या. पान उलटायच्या जागी दोन-तीन बार (लयीचे समान विभाग) विश्रांती असलीच पाहिजे. तंतुवाद्यांत स्टँडवरचा एक जण पान उलटतो, त्या क्षणी तुमचा अर्धा आवाज जातो. आठ-दहा बारांपेक्षा लांब विश्रांतीनंतर बारीक स्वरांत गायकाची ओळ शब्दांसकट छापा. वादक बार मोजण्यापेक्षा शब्द ऐकून जास्त खात्रीने येतो.

गाण्यात आपण धृपद परत घेतो, तिथे 'मागे जा' अशी खूण टाकून कागद वाचवू नका. पूर्ण लिहून काढा. आणि गायक मात्रेच्या किंचित मागे-पुढे जातो ते जसंच्या तसं उतरवू नका. साधी लय लिहा, गाताना तुम्ही हवं ते करा. मी असे स्कोर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लेखन) पाहिलेत ज्यात गळ्याची प्रत्येक लकेर सोळाव्या भागांत बांधली होती. कंडक्टर त्यात अडकतो आणि गाणं थिजतं.

गजाचंही लक्षात ठेवा : मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत आठ बारांचा एकच लांब स्वर एका गजात येत नाही. 'गज वेगवेगळ्या वेळी बदला' असं पार्टमध्ये लिहिलंत तर जोड ऐकू येणार नाही.

दुसरी_तालीम:
अरेंजरचा प्रश्न राहिला. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन गाण्यांतूनच आला. १९२४ साली 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'चं वाद्यसंयोजन फर्डी ग्रोफेने केलं. पुढच्याच वर्षी 'कॉन्चेर्तो इन एफ' गर्श्विनने स्वतः लिहिलं, आणि प्रयोगाआधी स्वखर्चाने वादक बोलावून ते वाजवून पाहिलं. गायिका आणि हार्पवादक जोआना न्यूसमने उलट वाट घेतली : २००६च्या अल्बममध्ये आवाज आणि हार्प आधी ध्वनिमुद्रित झाले, ऑर्केस्ट्राची अरेंजमेंट व्हॅन डाइक पार्क्सची. दोन्ही वाटा चालतात. पण ऑर्केस्ट्राकडून पुन्हा काम हवं असेल तर लिहिणारे तुम्हीच असलेलं बरं, कारण तिथे विचारणा ज्याने स्कोर लिहिला त्याला होते. अरेंजर घेतलाच तर श्रेय, मानधन आणि पुढच्या प्रयोगांचे हक्क आधीच लेखी ठरवा.

माझा आग्रह : एकदम ३१ वादकांकडे जाऊ नका. एक गाणं आधी स्ट्रिंग क्वार्टेटसाठी (दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो) लिहा आणि वाजवून घ्या. चार वादक मिळवणं शक्य असतं, आणि ते तुम्हाला तोंडावर सांगतात काय वाजत नाही. मग मालिकेच्या दोन आवृत्त्या ठेवा, क्वार्टेटची आणि ऑर्केस्ट्राची. संयोजकांना पाठवताना पहिल्याच ओळीत कालावधी आणि वाद्यसंख्या द्या : २.१.२.० – २.०.०.० – तंतुवाद्यं (क्रमाने फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून; मग हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा). ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम वर्षभर आधी ठरतात, त्यामुळे उत्तर उशिरा आलं तरी नाउमेद होऊ नका.

आणखी एक, याकडे फार कमी लोक लक्ष देतात : ही गाणी दुसऱ्या कुणाला गाता येतील अशी लिहा. स्वरांची व्याप्ती दीड सप्तकात ठेवा, शक्य असल्यास स्त्री आवाजासाठी वेगळ्या पट्टीतले पार्टही तयार ठेवा. फक्त तुम्हीच गाऊ शकत असाल तर तुमच्या तारखा संपल्या की ती रचनाही थांबते.

षड्ज_पंचम:
खूप आभार, सगळ्यांचे. गिटार ठेवू की काढू?

मोकळी_तार:
पाचपैकी दोन गाण्यांत ठेवा, तिथे चेलो-बेसला झंकाराखाली लांब स्वर देऊ नका, बोटांनी छेडायला द्या. सहाही तारांवर झंकारणारी गिटार आणि खाली गजाने धरलेले स्वर, दोन्ही एकाच सप्तकात आले की नुसता गढूळपणा होतो. उरलेल्या तीन गाण्यांत गिटार खाली ठेवा आणि नुसतं गा.