रिपोर्ट नॉर्मल, दुखणं चालूच: सर्व्हेत वर्गवारी कशी करायची?

कृष्णाकाठ_७७
तासगाव आणि जत तालुक्यांत घरोघरी सर्व्हे आहे, १८ वर्षांवरील सगळे. "अंग मोडून येतं", "छातीत धडधडतं", "पोट गच्च राहतं" अशा तक्रारी महिनोन्‌महिने चालू आणि पिशवीतले रिपोर्ट सगळे नॉर्मल. यांना कोणत्या खान्यात टाकायचं? आयसीडी-१० (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) मधलं एफ४५ (शारीरिक कारण न सापडणाऱ्या तक्रारींचा गट) की डीएसएम-५ (अमेरिकेतली मानसिक आजारांची निदान-पुस्तिका)? दुसरं, "तुमची तब्येत एकंदरीत कशी आहे?" याला जो तो "बरी" म्हणतो. मग लक्षणांचा परिणाम दिसणार कुठून?

मिरज_पीएसएम
एफ४५ सोडा. त्यातल्या सोमॅटायझेशनला (नाना शारीरिक तक्रारी सतत चालू राहण्याचं निदान) किमान २ वर्षांची लक्षणं लागतात, शिवाय शारीरिक कारण पुरेसं नाही हे ठरवावं लागतं. ते उंबऱ्यात बसून कोण ठरवणार? डीएसएम-५ नं २०१३ मध्ये कारण न सापडण्याची ही अट काढलीच. तिथं त्रास देणारं एक लक्षणही चालतं, पण त्यासोबत अवाजवी काळजी, तोच विचार किंवा त्यापायी जाणारा वेळ हवा, आणि हे साधारण ६ महिन्यांहून जास्त. आयसीडी-११ मध्ये (१ जानेवारी २०२२ पासून लागू) ६सी२०, बॉडिली डिस्ट्रेस डिसऑर्डर (त्रास देणाऱ्या शारीरिक लक्षणांचा विकार): सौम्य, मध्यम, तीव्र. पण दोन्ही निदानं आहेत, डॉक्टरनं मुलाखत घेऊन करायची. सर्व्हेत निदान लिहू नका, लक्षणभार (किती लक्षणं, त्यांचा किती त्रास) लिहा.

त्यासाठी पीएचक्यू-१५ ही प्रश्नावली: गेल्या ४ आठवड्यांतली १५ लक्षणं, प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण. ५, १० आणि १५ ला सौम्य, मध्यम, तीव्र. चुका ठरलेल्या असतात. पाळीचा प्रश्न पुरुषांना नाही, म्हणजे त्यांची कमाल २८, बायकांची ३०. शरीरसंबंधाच्या वेळच्या त्रासाचा प्रश्न सासू शेजारी बसलेली असताना विचारला की उत्तर येत नाही आणि भरणारी "०" टाकून मोकळी होते. "उत्तर नाही" साठी ९ असा वेगळा कोड ठेवा. ४ आठवड्यांवरून जुनाटपणा कळत नाही, म्हणून प्रत्येक "हो" पुढं "किती महिन्यांपासून" हा रकाना हवाच. थकवा आणि झोप हे दोन प्रश्न पीएचक्यू-९ मध्येही (नैराश्याची प्रश्नावली) आहेत. नैराश्याशी संबंध बघताना ते वगळूनही एकदा गणित करा, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

डेन्मार्कचे संशोधक पेर फिंक यांची लक्षणं गटांत मोजायची पद्धत (छाती-श्वास, पोट, स्नायू-सांधे, सर्वसाधारण असे चार गट, एका गटात किमान ३ लक्षणं) चांगली आहे, पण तिची २५ लक्षणांची यादी वेगळी. पीएचक्यू-१५ वरून ते गट पाडू नका.

माणदेशी_भाषा
"बरी" हा तुमच्या तक्त्याचा दोष आहे, लोकांचा नाही. आपल्याकडं "बरं हाय" हा रामरामचा जबाब आहे, तब्येतीचं मोजमाप नाही. शिवाय "तब्येत" म्हणजे अंगकाठी. "तब्येत सुधारली" म्हणजे वजन वाढलं. किडकिडीत पण ठणठणीत माणूस "तब्येत कुठाय आपली?" म्हणून वाईटवर खूण करवून घेईल. "प्रकृती" विचारा. पर्याय: फार चांगली, चांगली, मध्यम, वाईट, फार वाईट. पाचही मोठ्यानं वाचा, कार्ड दाखवा, आणि हा प्रश्न लक्षणांच्या यादीच्या आधी घ्या. पंधरा दुखणी आठवून झाल्यावर कोण "चांगली" म्हणेल?

"हातापायाची आग", "मुंग्या", "अंगावरून पांढरं जातं, म्हणून कंबर गेली" या पीएचक्यू-१५ मध्ये नाहीत. जादा प्रश्न म्हणून घ्या, गुणांत मिळवू नका.

ओपीडी_तासगाव
"कारण सापडत नाही" म्हणण्याआधी शोधलं का ते बघा. पिशवीत बहुतेक ईसीजी आणि सोनोग्राफी असते. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, बी-१२ असेलच असं नाही. माळकरी घर, किंवा बरीच वर्षं मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) चालू, आणि पायाला मुंग्या? आधी बी-१२. द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर "औषध मारलं की त्याच दिवशी वाढतं का?" हे विचाराच. डोकेदुखी, मळमळ, घाम, अंधुक दिसणं आणि तोंडाला पाणी सुटणं हे एकत्र आलं, तर किडीच्या औषधाचा संशय आधी. वजन घटणं, रात्रीचा ताप, शौचातून रक्त, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं दुखणं: यांना फॉर्म भरून सोडू नका, त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पाठवा.

कृष्णाकाठ_७७
मग "कारण सापडलेली" आणि "न सापडलेली" असे दोन गट करून तुलना?

मिरज_पीएसएम
रकाना ठेवा, पण मुख्य विश्लेषण त्यावर उभारू नका. माणूस स्वतःची प्रकृती कशी समजतो याचा अंदाज लक्षणांच्या एकूण संख्येवरून चांगला येतो, मग कारण सापडो वा न सापडो. वय, लिंग, जुने आजार, नैराश्य-चिंता धरूनही संख्येचा परिणाम उरतो का ते तपासा. आणि जतमध्ये फेरी ऊसतोडीच्या हंगामात नको. टोळ्या गेल्यावर घरी म्हातारी माणसंच सापडतील आणि सगळं गाव आजारी दिसेल.