शब्दचर्चा: विमानाच्या धंद्यातला ‘भागीदार’

प्रश्न:
अमेरिकेतल्या छोट्या विमान कंपन्यांवरचा एक मजकूर मराठीत करते आहे. स्कायवेस्ट, रिपब्लिक यांसारख्या कंपन्या ७६ आसनांपर्यंतची विमाने युनायटेड, डेल्टा, अमेरिकन या बड्या कंपन्यांच्या नावाने उडवतात. मजकुरात पदोपदी ‘पार्टनर’ येतो आणि मी ‘भागीदार’ लिहीत गेले. पैशांचा भाग आला तेव्हा मात्र हात अडला. तिकिटे बडी कंपनी विकते, दर आणि वेळापत्रक तीच ठरवते, उत्पन्नही तिचेच. छोटीला उड्डाणाच्या तासांचे आणि फेऱ्यांचे ठरलेले पैसे मिळतात, इंधनाचा खर्चही बहुधा बडीच सोसते. हा भागीदार कसा? आणि या कराराच्या ‘कपॅसिटी पर्चेस अ‍ॅग्रीमेंट’ या इंग्रजी नावाचे शब्दशः ‘क्षमता खरेदी करार’ केले तर कुणाला काय बोध होणार?

प्रतिसाद १:
‘भागीदार’ खोडाच. भागी म्हटली की नफ्यातोट्यात वाटा आला. आमच्याकडे शेतीत याला नेमके शब्द आहेत. बटईने केली तर पिकात दोघांचा वाटा. पीक बुडाले तर दोघेही बुडाले. तासावर ट्रॅक्टर बोलावला तर गोष्ट वेगळी. कधी कधी डिझेलही शेतकरीच घालतो, नांगरट झाली की तास मोजून पैसे चुकते. पुढे पाऊस पडो न पडो, ट्रॅक्टरवाल्याचा संबंध संपला. तुमची छोटी कंपनी म्हणजे हा ट्रॅक्टरवाला. ‘तासाच्या बोलीवर’ म्हणा, कुणालाही कळेल.

प्रतिसाद २:
शिकागोहून लहान गावांना नेहमी जातो, म्हणून लिहितो. विमानावर ठळक अक्षरांत ‘युनायटेड एक्सप्रेस’ आणि दाराजवळ बारीक अक्षरांत चालवणाऱ्या कंपनीचे नाव. हे बारीक अक्षर फार महत्त्वाचे आहे. १२ फेब्रुवारी २००९ला बफेलोजवळ विमान पडून ५० माणसे गेली. उड्डाण कॉन्टिनेंटल या बड्या कंपनीच्या ‘कॉन्टिनेंटल कनेक्शन’ नावाचे, विमान आणि वैमानिक कोल्गन एअर या छोट्या कंपनीचे. त्यानंतर २०१०च्या कायद्याने तिकीट विकतानाच उड्डाण प्रत्यक्ष कोण चालवणार ते सांगणे बंधनकारक केले. तेव्हा ‘चालवणारी कंपनी’ हा शब्द मजकुरात कुठेही गाळू नका.

आणि बटई इथेही आहे बरं का! काही मार्गांवर तिकिटाचे पैसे दोन कंपन्या वाटून घेतात, तिथे विमान रिकामे गेले तर छोटीच्या खिशाला चाट बसते. स्कायवेस्ट दोन्ही पद्धतींनी काम करते. काही छोट्या कंपन्या तर बड्यांच्याच आहेत: एंडेव्हर डेल्टाच्या मालकीची, एन्व्हॉय अमेरिकनच्या. त्यांना सरळ ‘उपकंपनी’.

प्रतिसाद ३:
मुंबईकराला बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बस सांगा, पटकन उमजेल. गाडी आणि चालक ठेकेदाराचे, तिकिटाचे पैसे बेस्टचे, ठेकेदाराला किलोमीटरमागे दर. म्हणून माझे मत ‘भाडेतत्त्व’ला.

प्रतिसाद १:
भाडेतत्त्व म्हटले की नुसती वस्तू भाड्याने दिल्यासारखे वाटते. इथे माणसांसकट काम दिले आहे. ‘बोली’त कामाची अटही येते.

प्रतिसाद २:
बोलीच. ट्रॅक्टरवाला शेतात राबूनही पिकाचा धनी नसतो, ते त्या शब्दात उतरते. २०२०मध्ये युनायटेडने एक्सप्रेसजेट या छोट्या कंपनीचा करार संपवला. एक्सप्रेसजेटकडे तेव्हा दुसरे गिऱ्हाईकच नव्हते; ३० सप्टेंबरला उड्डाणे थांबली. भागीदार असता तर निदान हिशेबाला बसला असता.

प्रश्नकर्ती:
ठरले. ‘तासाच्या बोलीवर’, ‘वाट्याने’ आणि ‘उपकंपनी’. ‘बटई’ शहरी वाचक अडेल म्हणून ‘वाट्याने’ घेते. एक राहिले: पैसे ज्या ‘ब्लॉक अवर’वर मोजतात त्याला काय? ‘उड्डाणतास’ चालेल?

प्रतिसाद २:
नको. विमान जागेवरून हलले की मोजणी सुरू, पुन्हा जागेवर थांबले की बंद. धावपट्टीसाठी रांगेत ४० मिनिटे गेली तरी ती धरतात. ब्लॉक म्हणजे चाकाखालचा ठोकळा.

प्रतिसाद १:
म्हणजे उटी! उटी काढल्यापासून उटी लावेपर्यंत. पहिल्यांदा एवढे लिहा, पुढे नुसते ‘ब्लॉक तास’.